उपाशी वाफा

आधी मी मशीनलाच शिव्या घातल्या.

मशीन म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतलं वायू तपासायचं यंत्र. छोट्या बाटलीतली हवा सुईने त्याला टोचली की पडद्यावर एक रेघ सरकायला लागते आणि मध्येच तिला टेंगूळ येतं. टेंगूळ जेवढं मोठं, तेवढा वायू जास्त. काम एवढंच, पण नखरे किती! वीज जरा हलली की रुसणार, खोली तापली की रुसणार. त्यामुळे त्या दुपारी उपाशी वाफ्याच्या बाटलीतून भलंमोठं टेंगूळ वर आलं तेव्हा मी म्हटलं, "मेल्या, आज पण सुरू झालं का तुझं?" आणि तीच बाटली पुन्हा टोचली.

पुन्हा तेच टेंगूळ. दुसऱ्या उपाशी वाफ्याची बाटली टोचली, तेच. तिसऱ्याची टोचली, तरी तेच. आता मशीनला बोल लावता येईना.

उपाशी वाफा वायू सोडणार कुठून? पोटात काही असेल तर ना!

आमचं मातीचं संशोधन केंद्र आहे. मक्याचं शेत, आणि त्याचे आखून-रेखून पाडलेले चौकोनी वाफे. सगळ्या वाफ्यांना युरिया तेवढाच. फरक आहे तो कधी द्यायचा याचा. एकाला सगळा पेरणीबरोबर. एकाला अर्धा पेरणीला, अर्धा मका गुडघ्याला लागल्यावर. एकाला मोठा पाऊस होऊन गेला, पाणी निथळून जमीन वाफशावर आली, की मगच. आणि तीन वाफे असे, की ज्यांना कधीच काही नाही. मी शाळेत जात होते तेव्हापासून नाही. कागदावर त्यांचं नाव 'शून्य'. पण खुरपायला येणाऱ्या बायकांनी त्यांना उपाशी वाफे म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं.

मी इथे लागले तेव्हा मॅडमनी पहिल्याच आठवड्यात मला बांधावर उभं करून हे सगळं समजावलं होतं. मॅडम म्हणजे या प्रयोगाच्या प्रमुख. त्या म्हणाल्या, "मक्याला भूक लागायच्या आधीच ताट वाढून ठेवलंस तर तो काही जेवत नाही. मग मातीतले जंतू त्यावर ताव मारतात. वर धो धो पाऊस पडला, माती पाण्याने गच्च झाली, आतली हवा कोंडली, की तेच जंतू खतातल्या नायट्रोजनचा एक वेगळाच वायू करून वर सोडून देतात." या वायूला हसवणारा वायू म्हणतात. दाताचे डॉक्टर हुंगवतात तो. मला तर इतक्या वर्षांत त्याने एकदाही हसवलेलं नाही. तो एकदा वर गेला की शंभरेक वर्षं तिथेच ठाण मांडून बसतो आणि धुराड्यातून निघणाऱ्या कार्बनपेक्षा कितीतरी पट ऊब धरून ठेवतो. म्हणून मॅडमचा जीव या एका प्रश्नात अडकलेला: खत कधी घातलं तर पीकही पोटभर जेवेल आणि वर जाणारा वायूही कमी होईल?

त्यासाठी उपाशी वाफे लागतात. माती स्वतःहूनही थोडा वायू सोडतेच. तो किती, ते फक्त उपाशी वाफा सांगतो. बाकीच्या वाफ्यांच्या आकड्यातून तो वजा केला की खतामुळे किती गेला ते कळतं. उपाशी वाफाच खोटं बोलायला लागला तर बाकी सगळे आकडे वाऱ्यावर.

त्या दुपारी तिन्ही खोटं बोलत होते.

मी सगळ्यांवर डाफरले. बाटल्या धुणाऱ्यावर डाफरले, की लेबलं अदलाबदल केलीस. त्याने मला शांतपणे लेबलं दाखवली. मग स्वतःवर डाफरले. मातीत आम्ही लोखंडी गोल कडी रोवून ठेवलेली आहेत. सकाळी कड्यावर झाकण ठेवायचं आणि ठरल्या ठरल्या वेळेला झाकणातून सिरिंजने हवा ओढायची, हे माझं काम. मीच कडं चुकले असेन, असं मनाला बजावत घरी गेले. मनाला ते पटत नव्हतं.

घर म्हणजे केंद्राचं क्वार्टर. दोन खोल्या, आणि मागच्या खिडकीतून सगळं शेत. तिथे मी आणि बाबा.

बाबा याच केंद्रात खत टाकायच्या कामावर होते. सगळे त्यांना मूठमामा म्हणायचे. गोणपाटाची झोळी गळ्यात अडकवून, एकेक मूठ फेकत असे चालायचे की चाळणीतून पडावेत तसे दाणे सारखे पडत. आणि उपाशी वाफा आला की मूठ मिटून, खाली मान घालून, तेवढा तुकडा पार करायचे. हुकूमच तसा होता. घरी आल्यावर मात्र चहा पिताना कुरकुर चालायची. "आज पण त्यांना तसंच ठेवून आलो." आई हसायची. "अहो, मका आहे तो. पाहुणा नाही दारात आलेला." "पिवळा पडलाय गं," बाबा म्हणायचे, "मला बघवत नाही." पण हुकूम मोडला नाही कधी, एकदाही नाही.

आई गेल्यावर बाबांच्या डोक्यातलं एकेक सुटत गेलं. आधी सामान आणायला जाऊन रस्ता विसरले. मग मला आईच्या नावाने हाक मारायला लागले. मग गॅस उघडा राहिला. डॉक्टर म्हणाले, हे आता मागे फिरणार नाही. पण ओळखीची जागा सोडू नका, तेवढंच औषध. माझा मोठा भाऊ शहरात राहतो, आठव्या मजल्यावर. दादा दर फोनला म्हणायचा, "माझ्याकडे आण त्यांना. लिफ्ट आहे, दारात वॉचमन आहे, तुझी वहिनी दिवसभर घरी आहे." मी दर वेळी भांडायचे. "आठव्या मजल्यावर बाबा करणार काय? टाइल्स मोजणार?" इथे सकाळ-संध्याकाळ शेताच्या कडेने फिरायचे, ढेकूळ उचलून कुस्करायचे, पानं उलटीपालटी करून बघायचे. शेताच्या कडेला असेपर्यंत बाबा अजून बाबा होते. त्यांना इथून हलवावं लागू नये, एवढ्या एका गोष्टीसाठी माझी सगळी धडपड चालली होती.

त्या संध्याकाळी मी त्यांचा शर्ट धुवायला घेतला. सवयीने खिसा उलटा केला, तर ओल्या तळहातावर पांढरे दाणे पडले. साखर वाटेल कोणाला. पण साखर हाताला गार लागत नाही. ओल्या हातात युरिया विरघळायला लागला की हात बर्फाला लागल्यासारखा गार पडतो, हे खतात वावरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी तशीच मोरीत बसून राहिले. नळ चालूच होता.

"बाबा, युरिया कुठे टाकलात?"

"मी?" बाबांनी इतक्या निरागसपणे बघितलं की माझी मलाच लाज वाटली. "मी रिटायर झालो ना गं, ठमे."

ठमी हे मला त्यांनीच ठेवलेलं नाव. लहानपणी गोल गोल होते म्हणून.

मी चप्पल घातली आणि तडक गोदामावर गेले. दुपारी बाबांवर लक्ष ठेवायचं काम वॉचमनकाकांनी आपणहून घेतलं होतं. भला माणूस. मला बघूनच त्यांचा चेहरा पडला.

"काका, गोदाम कोणी उघडून दिलं?"

"मामा म्हणाले साहेबांचा निरोप आहे, ताई. पाऊस यायच्या आत युरिया टाकून घ्या म्हणून." काका टोपी हातात घेऊन फिरवायला लागले. "झोळी पण गळ्यात घालून आले होते. आणि काय बोलत होते म्हणून सांगू! एकदम पूर्वीसारखं. मला वाटलं, मामा बरे झाले."

"बरे झाले? ते बरे होणार नाहीत, काका! किती वेळा सांगितलंय तुम्हाला!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की गोदामावरची कबुतरं उडाली.

"मला नोकरी मामांनीच लावून दिली, ताई," काका एवढंच म्हणाले. "त्यांना नाही कसं म्हणू?"

मी कपाळाला हात लावला आणि परत आले. आता सगळं समजत होतं. बाबांच्या काळात युरिया पावसाच्या तोंडावरच टाकायचे. पाऊस आपोआप तो जमिनीत मुरवेल, हे तेव्हाचं शहाणपण. बाबांनी आभाळ भरून आलेलं बघितलं आणि बरोबर तेव्हा तिन्ही उपाशी वाफ्यांत मूठ उघडली. त्याच रात्री मुसळधार पाऊस झाला. मूठ का मिटायची असते ते बाबा विसरले होते. पिवळं पान बघून जीव तुटतो, ते नव्हते विसरले.

सकाळी मी मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं सांगून टाकलं. लपवून चालणारच नव्हतं. चार दिवसांत मका हिरवागार होऊन चहाडी करणार होता.

"तिन्ही?" मॅडमनी विचारलं.

"तिन्ही."

"मोठ्या पावसाच्या तोंडावर?"

"हो."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे या हंगामात अख्ख्या शेतात सगळ्यात जास्त वायू कुठून गेला असेल, तर आपल्या शून्य वाफ्यांतून." त्या हसल्या, पण हसू अर्ध्यावरच विरलं. "बाई गं!"

"काही करता येणार नाही का, मॅडम?"

"काय करणार? गेलेला वायू पिशवीत धरून आणणार आहोत का आपण?" मग आवाज खाली आला. "एक हंगाम गेला असं धरू. यंदाचा मका खत ओढून घेईल, पुढच्या वर्षी बरीचशी माती पुन्हा पूर्वीच्या मार्गावर येईल. वरच्या लोकांना मी लिहून कळवते, तुझ्या बाबांचं नाव न घालता. पण पुन्हा झालं तर मी काय सांगू? एक वाफा सांभाळता येत नाही तर प्रयोग कशाला चालवता, असं म्हणायला ते टपूनच बसलेत." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी इथे नवीन होते ना, तेव्हा मामा मला चिखलातून हाताला धरून न्यायचे. त्यांना काही बोलायची माझी हिंमत नाही. तू आवर त्यांना. काहीही कर, पण आवर."

मी आवरायला घेतलं.

गोदामाला नवीन कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या गळ्यात. तिन्ही वाफ्यांना जाळीचं कुंपण आलं. पेंटरकडून पाटी रंगवून घेतली: इथे खत टाकू नये. बाबांनी ती मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "कुठल्या मूर्खाने लावलीय ही?" रोज सकाळी चहाबरोबर मी त्यांना समजवायचे. बाबा, तो प्रयोग आहे. बाबा, ते उपाशीच ठेवायचे आहेत. बाबा मान हलवायचे, "कळलं, कळलं." एकदा तर हात जोडून म्हणाले, "चुकलं माझं, आता नाही करणार." त्यांचे ते जोडलेले हात बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि कप विसळून येते तोवर स्वारी जाळीशी. दोन्ही हातांनी जाळी धरून आत बघत उभी.

एक दिवस माझा तोल सुटला. सिरिंजांचा ट्रे हातात घेऊन मी घाईने निघाले होते, आणि बाबा कुलूप दगडाने ठोकत होते. मी ट्रे खाली ठेवला आणि तोंडाला येईल ते बोलले. "माझं वाटोळं करायचं ठरवलंय का तुम्ही? मी जगू की नको? का छळताय मला? काय पाहिजे तुम्हाला?"

बाबा घाबरले. दगड हळूच खाली ठेवला, हात पँटला पुसले, आणि साहेबासमोर उभं राहावं तसे उभे राहिले.

"रागावू नको," ते म्हणाले. "उशीर झाला, मान्य आहे. आत्ता टाकून येतो."

मी रागावलेय ती खत टाकलं नाही म्हणून, असं त्यांना वाटत होतं. मी बांधावर बसले आणि ढसाढसा रडले. तर बाबा माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले, "होईल, होईल, अजून वेळ गेलेली नाही" असं म्हणत. ज्यांच्यापायी रडत होते तेच समजूत घालत होते. सांगू कोणाला?

त्यानंतर बाबा जरा निवळले. दगड नाही, कुलूप नाही. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. जेवणही नीट चाललं होतं. ताट चाटूनपुसून लख्ख. तरी शर्ट मात्र खांद्यावरून लोंबायला लागला. "खाल्लेलं जातं कुठे हो तुमचं?" मी विचारायचे. बाबा खिडकीतून शेताकडे बघत बसायचे.

मग एका सकाळी झाकण ठेवायला उपाशी वाफ्यात गेले आणि कड्यात वाकून बघितलं, तर मातीवर भाताची शितं. कड्याबाहेर पण शितं. मुंग्यांची रांग लागली होती. चिमण्यांनी आणली असतील म्हणावं तर इतकी सारखी पसरलेली, जणू चाळणीने चाळलीत.

त्या दुपारी मी प्रयोगशाळेत गेलेच नाही. गोदामाच्या भिंतीआड उभी राहिले. बाबा जेवून आले. इकडेतिकडे बघितलं. मग शर्टाच्या खिशातून भाताची मूठ काढली आणि जाळीवरून फेकली, तीच पूर्वीची फेक, मनगट तसंच वळवून. मग पँटच्या खिशातून दुसरी मूठ. पुढे सरकले, तिसरी. अख्खं ताट खिशात घालून आणलं होतं त्यांनी. खिसे रिकामे झाले तसे झटकले, आणि जाळीला तोंड लावून आत काहीतरी बोलले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

मी त्यांना थांबवलं नाही. भातातही नायट्रोजन असतो, तो सडणार, कड्यातला आकडा पुन्हा बिघडणार, हे सगळं मला पाठ होतं. आणि बाबा दिवसेंदिवस उपाशी राहत होते, हेही आता कळलं होतं. समोर बसून भरवून बघितलं. गालात धरून ठेवायचे आणि मी वळले की रुमालात. जाळी आणखी उंच करू? हात बांधून ठेवू? खिसे शिवून टाकू? खिसेही शिवले, खोटं कशाला बोलू. तर मुठीत घेऊन गेले.

मी दादाला फोन केला. इतकी वर्षं ज्याच्याशी भांडले त्याला म्हटलं, "ये. घेऊन जा त्यांना."

"मी जिंकलो असं मला अजिबात वाटत नाहीये बरं का," दादा म्हणाला.

दादा गाडी घेऊन आला. बाबांना वाटलं, बाजारात जायचंय. स्वच्छ शर्ट घातला, केस विंचरले, वॉचमनकाकांना म्हणाले, "गोणी आणतो, गोदाम उघडं ठेव." काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. गाडी शेताच्या कडेने निघाली तेव्हा उपाशी वाफ्यातला मका छातीएवढा झाला होता, काळपट हिरवा, भरलेला. बाबांनी दादाला गाडी थांबवायला लावली आणि काच खाली केली. मी बाजूने चालतच होते.

"वा! कोणी घातलं गं याला?"

"घातलं एकाने," मी म्हटलं.

"पोट भरलंय बघ कसं. गुणी माणूस दिसतो." माझ्या गालावर चापट मारून म्हणाले, "तू पण जेवून घे, ठमे. वाळलीस."

मग काच वर गेली.

दादाकडे गेल्यावर पहिले दोन दिवस बाबांनी अन्नाला तोंड लावलं नाही. गॅलरीतल्या कुंड्यांत वहिनीला आमटी सापडली. तिसऱ्या दिवशी सकाळी दादाने वैतागून मलाच फोन लावला आणि बाबांच्या कानाला दिला. मी तेव्हा शेतात होते.

"ठमे, त्यांना घातलंस का?" बाबांनी विचारलं.

"कोणाला, बाबा?" पण विचारता विचारताच मला कळलं. "हो, घातलं की."

"वेळेवर?"

"वेळेवर."

"मग मी जेवतो," बाबा म्हणाले, आणि जेवले.

तेव्हापासून रोज हे सुरू झालं. कड्यावर झाकण ठेवायचं, पहिली सिरिंज ओढायची आणि दुसरीची वेळ होईपर्यंत तिथेच उकिडवं बसून राहायचं. तेवढ्यात फोन यायचा. घातलंस का? घातलं. वेळेवर? वेळेवर. मग मी जेवतो. हंगाम संपला, मका कापला, शेत नांगरून पडलं, तरी फोन चालूच. रिकाम्या शेताकडे बघत मी म्हणायचे, "घातलं, बाबा." खोटं बोलायला जिभेला काही हाड नसतं, आणि माझ्या एका खोट्यावर माझा बाप जेवत होता.

नवीन पेरणी झाली. मका गुडघ्याला लागला. बाकीचे वाफे टवटवीत, आणि उपाशी वाफ्यांची खालची पानं मधल्या शिरेपासून पिवळी पडायला लागली. मॅडम जाळीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "आले बघ, मूळ पदावर आले." खूश झाल्या होत्या, पण माझा चेहरा बघून बाकीचं बोलल्या नाहीत. मशीनवरही टेंगूळ आता नखाएवढं. माझा आकडा मला परत मिळाला होता. मला तो बघवत नव्हता. बाबांचे डोळे माझ्या कपाळाखाली येऊन बसले होते.

मग एक सकाळ फोन आला नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. मीच लावला.

"अगं, सांगायचंच राहिलं," दादाचा आवाज कधी नव्हे इतका मोकळा होता. "दोन दिवस झाले, विचारतच नाहीत. ताट समोर ठेवलं की जेवतात. काही त्रास नाही, काही नाही. वहिनी म्हणते, अंगही धरतायत."

"बरं झालं," मी म्हटलं. झालंच होतं बरं. तरी फोन ठेववेना.

रात्रीच मोठा पाऊस होऊन गेला होता. माती गच्च भिजली होती. मी उपाशी वाफ्यात उकिडवी बसले होते, झाकण कड्यावर, पहिली सिरिंज ओढून झालेली. "त्यांना फोन दे ना जरा," मी म्हटलं.

कानाला श्वास ऐकू आला.

"बाबा, मी बोलतेय. उपाशी वाफ्याला खत घातलं बरं का मी."

मग बाबा बोलले, अगदी अदबीने. पूर्वी गावाहून कोणी शेत बघायला आलं की असं बोलायचे.

"छान केलंत, बाई. वेळेवर घातलंत ना?"

जन्मात कधी त्यांनी मला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. गधडी म्हटलं होतं, भवानी म्हटलं होतं, चिडले की ठमाबाई. "बाबा, मी ठमी," मी म्हटलं. "ठमी आहे मी, बाबा."

"हो का? बरं, बरं," बाबा म्हणाले. "या एकदा घरी."

दादाने फोन परत घेतला, काहीतरी बोलला, बंद केला. मी पिवळ्या पानांमध्ये बसून राहिले. किती वेळ, ते खरंच माहीत नाही. मग कड्याकडे नजर गेली आणि घड्याळाकडे. दुसऱ्या सिरिंजची वेळ कधीच टळून गेली होती.

इतक्या वर्षांत माझी एकही वेळ चुकली नव्हती. मी झाकण उचललं, आणि आत जे काही साठलं होतं ते उडून गेलं.